वीस गावं नकोत, चार वस्त्या लिहा

पत्र :

नमस्कार. बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यात आमची छोटी संस्था आहे. नोंदणीला सहा वर्षं झाली, आयकर सवलतीची १२ए आणि ८०जी ही नोंदणी दोन्ही आहे. ऊसतोडीला जाणाऱ्यांची लेकरं गावातच राहावीत, त्यांची शाळा सुटू नये, म्हणून आम्ही हंगामात संध्याकाळी वर्ग घेतो आणि जेवण देतो. आतापर्यंत गावातून मिळणारं धान्य आणि थोडी वर्गणी यावर भागलं. दोन वर्षांत तीन कंपन्यांना प्रस्ताव पाठवले. दोघांनी ‘आमच्या प्राधान्यक्रमात बसत नाही’ असं कळवलं, तिसरीकडून उत्तरच नाही. आता एकजण म्हणतो, मी लिहून देतो आणि मंजूरही करून आणतो, रकमेच्या दहा टक्के द्या. माझं शिक्षण मराठीतून, बीएपर्यंत. इंग्रजी जेमतेम. दिवाळी झाली की रात्री ट्रॅक्टर येतात आणि सकाळी शाळेत अर्ध्या जागा रिकाम्या असतात. जी लेकरं राहतात ती आजीजवळ. आजीला दिसत नाही, चूल तिसरीतली पोरगी पेटवते. हे सगळं डोळ्यांसमोर असताना कागदावर का उतरत नाही? प्रस्ताव लिहायला शिकता येतं का, की हे फक्त मोठ्या संस्थांनाच जमतं? शेवटचा प्रस्ताव सोबत जोडला आहे.
— धारूर तालुक्यातली एक कार्यकर्ती

उत्तर :

ताई, शिकता येतं. मीही शिकले, तेही वयाची तिशी उलटल्यावर, आणि चुका करत करत. तुमचं पत्र आणि प्रस्ताव दोन्ही मी दोनदा वाचले. पत्र वाचताना ती चूल पेटवणारी पोरगी मला दिसली. तुमच्या बावीस पानी प्रस्तावात मात्र ती कुठंच नाही.

प्रस्तावाची सुरुवात अशी आहे : ‘मराठवाडा हा कायम दुष्काळी व मागासलेला भाग असून येथील जनता अज्ञान, अंधश्रद्धा व दारिद्र्यात खितपत पडलेली आहे. ऊसतोड कामगारांच्या पाल्यांचा सर्वांगीण विकास साधून त्यांना मुख्य प्रवाहात आणणे हे संस्थेचे ध्येय आहे.’ हे वाक्य लातूरच्या, हिंगोलीच्या, जालन्याच्या कुठल्याही संस्थेला जसंच्या तसं चिकटवता येईल. आणि खरं सांगू? तुमची माणसं खितपत पडलेली नाहीत. पहाटे चारला उठून कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, भाकरी थापून फडात उतरणारी ती माणसं आहेत. त्यांच्याबद्दल असं लिहून पैसे मागू नका. काही वर्षं मी एका निधी देणाऱ्या संस्थेच्या निवड समितीत होते. दोन दिवसांत साठ-साठ प्रस्ताव पुढ्यात यायचे. पहिलं पान वाचायचं, मग थेट बजेट उघडायचं, आणि दोन्हींचा मेळ बसला तरच मधली पानं बघायची, अशीच आमची सगळ्यांची पद्धत झाली होती. पहिल्या पानावर दुष्काळ आणि दारिद्र्य एवढंच असलं, तर ही संस्था नेमकं काय करते हे आम्हाला कळायचंच नाही.

प्रस्ताव म्हणजे मदतीची याचना असा आपल्याकडे समज आहे. पैसे देणाऱ्याची बाजू समजून घ्या. २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू आहे. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. यालाच सीएसआर म्हणतात. म्हणजे त्या ऑफिसात बसलेला माणूस स्वतःच्या खिशातून दान करत नाही. तो कायद्याने अंगावर आलेलं काम पार पाडतो, आणि त्याला वर संचालक मंडळापुढे हिशेब द्यायचा असतो. तुमचा कागद हातात घेऊन तो वरिष्ठांसमोर उभा राहणार. ‘सर्वांगीण विकास म्हणजे काय हो?’ असं त्याला विचारलं तर तो काय सांगेल? त्याला तोंडाने सांगता येईल असं काम लिहा.

आता तुमच्या प्रस्तावातली सगळ्यात मोठी अडचण. वीस गावं, पंचवीस लाख रुपये, आणि त्यात अभ्यासवर्ग, संगणक कक्ष, महिलांसाठी शिवणकाम प्रशिक्षण, व्यसनमुक्ती आणि वृक्षलागवड. तुमचं काम तर चार वस्त्यांवर आहे. वीसचा आकडा कुठून आला याचा मला अंदाज आहे. मोठं मागितलं तर थोडं तरी मिळेल, आणि कंपनीला यातलं काही ना काही आवडेल. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण घरात पाळतो, प्रस्तावात विसरतो. गेल्या वर्षी ज्या संस्थेचा ऑडिटमधला एकूण खर्च दीड लाख आहे, ती यंदा पंचवीस लाख कसे सांभाळणार, हा प्रश्न तुमचं ताळेबंदाचं पान उघडताक्षणी कुणालाही पडेल.

देणाऱ्याला आवडेल ते लिहिण्याची चूक मीही केली आहे. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे देणारे हात खूप आले. बावन्न गावं नव्या जागी वसत होती. आम्ही बायकांचे गट बांधत होतो. बायकांचं म्हणणं होतं, शेळ्या घेऊन द्या. एका देणगीदाराला शिलाई मशीन द्यायची होती, म्हणून आम्ही शिलाई मशीन लिहिलं. वीस मशीन आली. वर्षभराने त्यातली बहुतेक समाजमंदिराच्या एका खोलीत गोणपाटाखाली झाकलेली होती, आणि गटातल्या एका आजीने मला विचारलं, ‘बाई, आमी मागितलं काय आन् तुमी आणलं काय?’ त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यानंतर प्रस्ताव लिहायच्या आधी गावात बसून विचारायचं आणि मोजायचं, हे मी कधी सोडलं नाही.

तर मोजायला बसा. तुमच्या चार वस्त्यांवर पहिली ते आठवीची लेकरं एकूण किती? गेल्या हंगामात किती आई-बापांबरोबर कारखान्याला गेली, किती आजी-आजोबांजवळ राहिली? किती दिवसांची शाळा बुडाली? शाळेचं हजेरीपत्रक मुख्याध्यापकांकडे आहे, पण हजेरीपत्रकावर नाव असतं आणि लेकरू फडात असतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून घरोघर जाऊन मोजा. जिल्ह्याचा मोठा आकडा याची जागा घेऊ शकत नाही. तुमच्या प्रस्तावात २०११ च्या जनगणनेतलं बीडचं बाल-लिंग गुणोत्तर ८०७ असं दिलं आहे. आकडा खरा आहे, दुखणारा आहे, पण त्याचा संध्याकाळच्या वर्गाशी संबंध काय? वाचणारा तिथंच भरकटतो.

समजा मोजणीत असं निघालं. मग पहिला परिच्छेद मी असा लिहीन :

‘धारूर तालुक्यातील चार वस्त्यांवर पहिली ते आठवीतील २१० मुले आहेत. गेल्या हंगामात त्यांपैकी ८४ मुले आई-वडिलांसोबत साखर कारखान्यांच्या परिसरात गेली व नोव्हेंबर ते एप्रिल शाळेबाहेर राहिली. ६१ मुले गावात आजी-आजोबांजवळ राहिली. त्यांपैकी अनेकांच्या घरी संध्याकाळचा स्वयंपाक मुलेच करतात. संध्याकाळी जेवण, अभ्यास व एका जबाबदार व्यक्तीची सोबत मिळाल्यास मुलांना गावात ठेवण्यास पालक तयार होतात, हा आमचा सहा वर्षांचा अनुभव आहे. येत्या हंगामात चार केंद्रांमार्फत १०० मुलांना गावात ठेवण्यासाठी आम्ही १०,१०,००० रुपयांचे साहाय्य मागत आहोत.’

एवढंच. यात कोण, कुठं, किती, काय अडलंय, काय करणार आणि किती लागणार, सगळं आलं. आकडे उदाहरणाचे आहेत, तिथं तुमचे टाका. ८४ सगळीच्या सगळी राहतील असंही लिहू नका. ६१ आहेत, त्यात आणखी ३९ थांबवायची आहेत, हे तुमच्या हातातलं आहे. ‘१०० टक्के मुलांचे स्थलांतर रोखू’ असं वाचलं की जाणकार माणूस कागद बाजूला ठेवतो, कारण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फेडायला कोयता, म्हणजे नवरा-बायकोचं जोडपं, जातो तेव्हा घरात सांभाळणारं कुणीच नसेल तर लेकरू बरोबर जाणारच, हे त्यालाही माहीत असतं.

बजेटवर मी जरा जास्त रेंगाळणार आहे, कारण तुमच्या प्रस्तावात ‘भोजन खर्च : ८,००,०००’ अशी एकच ओळ आहे. हे आठ लाख कुठून आले? स्वयंपाक करणाऱ्या मावशींजवळ बसा. शंभर लेकरांना एका वेळेला ज्वारीचं पीठ किती, तुरीची डाळ किती, तेल, भाजी, मीठ-मिरची किती, गॅसची टाकी किती दिवस पुरते, हे त्यांना विचारा. आठवडाभर दुकानाच्या पावत्या जपून ठेवा. त्यातून एका लेकराचा एका दिवसाचा खर्च निघेल. समजा तो तीस रुपये निघाला. १०० मुलं, १५० दिवस, ३० रुपये, म्हणजे ४,५०,०००. चार केंद्रांवर प्रत्येकी एक शिकवणारी ताई आणि एक स्वयंपाकाची मावशी, अशा आठ जणी, महिना ५,००० मानधन, सहा महिने : २,४०,०००. एक समन्वयक वर्षभर, महिना १२,००० : १,४४,०००. चार वस्त्यांवर मोटारसायकलने फिरायचा खर्च महिना २,५०० प्रमाणे ३०,०००. भांडी, शेगडी, सतरंज्या केंद्रामागे १५,००० म्हणजे ६०,०००. वह्या-पुस्तकं मुलामागे ५०० म्हणजे ५०,०००. हिशेब लिहिणं आणि ऑडिट ३६,०००. बेरीज १०,१०,०००, मुलामागे १०,१०० रुपये. आता कुणी विचारलं तर प्रत्येक रुपयाचं उत्तर तुमच्या तोंडावर आहे.

यात समन्वयकाचे पैसे लिहिताना तुमचा हात अडखळेल, कारण समन्वयक तुम्हीच असाल. तुमच्या प्रस्तावात स्वतःचं मानधन कुठंच नाही आणि ऑडिटचा खर्चही नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये. काम कुणीतरी करणार आहे, त्याला पोट आहे. एक गैरसमज सगळीकडे ऐकते, की सीएसआरमध्ये प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे. तुमच्या केंद्रावर शिकवणाऱ्या ताईचं मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे. काही कंपन्या स्वतःची वेगळी मर्यादा ठरवतात, ती आधी विचारून घ्या.

गावाचा वाटाही लिहा. ग्रामपंचायतीची खोली, घरटी पायलीभर ज्वारी, शिक्षकांनी दिलेला वेळ. त्याची रुपयांत किंमत काढून शेजारच्या रकान्यात मांडा. सहा वर्षं गावाने तुमचं काम पोसलं, यापेक्षा मोठी शिफारस कुठल्या पुढाऱ्याच्या पत्रात नसते. त्या पत्रांच्या पाच झेरॉक्स तुम्ही जोडल्या आहेत, त्या काढून टाका.

एक प्रश्न तुम्हाला नक्की विचारला जाईल : सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, मग तुम्ही कशाला? तुमच्या प्रस्तावात याचा उल्लेखच नाही, आणि वाचणाऱ्याला वाटतं, यांना माहीत नाही किंवा हे लपवतायत. आपल्या वस्त्यांवरच्या शाळेत हंगामी वसतिगृह मंजूर आहे का, गेल्या वर्षी कुठल्या तारखेला सुरू झालं, किती मुलं होती, हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. ट्रॅक्टर गेल्यावर महिन्याने ते सुरू होत असेल तर तो मधला महिना हीच तुमची जागा. जिथं सरकारी जेवण मिळतं तिथं त्याच ताटाचे पैसे कंपनीकडून मागू नका. तिथं फक्त अभ्यास आणि सोबत मागा.

परिणाम कसा दाखवणार, हेही साधं ठेवा. ‘जागृती निर्माण होईल’ ही गोष्ट मोजता येत नाही. हजेरीचे दिवस मोजता येतात. आणि वाचन मोजता येतं : ‘असर’ या शाळकरी मुलांच्या वाचन-गणिताच्या पाहणीत मुलांसमोर अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद आणि गोष्ट ठेवतात, मूल कुठवर पोचतं ते बघतात. तशी चाचणी तुम्ही हंगामाच्या सुरुवातीला घ्या, नावानिशी वहीत लिहा, एप्रिलमध्ये परत घ्या. यंदाचा वर्ग चालू असेलच, तेव्हा या एप्रिलचीही घेऊन ठेवा. पुढच्या प्रस्तावात दाखवायला तुमच्याकडे स्वतःचं काहीतरी असेल.

इंग्रजीची धास्ती घेऊ नका. आधी मराठीत लिहा, चार पानांत. ते पक्कं झालं की भाषांतर. फोनवरचं भाषांतर मात्र तसंच पाठवू नका. आपल्याकडे ‘कोयता’ म्हणजे तोडीला जाणारं जोडपं. एका प्रस्तावात ‘गावातून २०० कोयते जातात’ याचं भाषांतर शस्त्रं नेल्यासारखं झालं होतं, आणि ‘उचल’ची लिफ्ट झाली होती. ते लिहिणाऱ्या मुलाच्या कामात काही खोट नव्हती, तरी समितीत कुणाला अर्थच लागेना. म्हणून कोयता, उचल, टोळी, मुकादम हे शब्द ठेवा, आणि पहिल्यांदा येतील तिथं एका वाक्यात त्यांचा अर्थ सांगा. अंबाजोगाईला किंवा बीडला कॉलेजात इंग्रजी शिकवणारं कुणीतरी ओळखीचं निघेल. दोन संध्याकाळी शेजारी बसवून घ्या. छोटी, सरळ वाक्यं. आणि लेकरांचे केविलवाणे फोटो लावू नका. अभ्यास करतानाचा एखादा, तोही घरच्यांना विचारून.

दहा टक्केवाल्या माणसाला नाही म्हणा. त्याचं कमिशन बजेटच्या कुठल्या ओळीत लिहिणार? कुठंच लिहिता येत नाही. मग ते डाळीच्या किंवा वह्यांच्या बिलातून काढावं लागतं, म्हणजे खोटी पावती, आणि तिच्यावर सही तुमची. तो पुढच्या तालुक्यात निघून जातो. शिवाय ही मंडळी एकच मजकूर दहा जणांना देतात. परभणीकडच्या एका प्रस्तावात मी ‘सातपुड्यातील दुर्गम पाडे’ वाचले आहेत. ती संस्था चांगली होती. तिचा प्रस्ताव त्या एका ओळीने गेला. लिहायला खरंच मदत हवी असेल तर ठरावीक मेहनताना ठरवा, तो संस्थेच्या स्वतःच्या पैशातून द्या, आणि मंजुरीशी त्याचा संबंध ठेवू नका.

कागदपत्रांत एक गोष्ट तुमच्या पत्रात दिसली नाही. २०२१ च्या एप्रिलपासून कंपनीचा सीएसआर निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी लागते. १२ए, ८०जी आणि तशा कामाचा तीन वर्षांचा अनुभव तुमच्याकडे आहे, त्यामुळे अडचण येऊ नये. तुमच्या सीएला या आठवड्यात गाठा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरची नोंदणी, तीन वर्षांचे ऑडिट, धर्मादाय कार्यालयात कळवलेली विश्वस्तांची अद्ययावत यादी, हे एका फाइलमध्ये असू द्या. परदेशी निधीचं आता डोक्यात घेऊ नका. त्याला एफसीआरए नोंदणी लागते, ती वेगळी वाट आहे.

कुणाला पाठवायचं? कंपन्यांनी आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. मुंबईतलं नाव ऐकून पाठवण्यापेक्षा छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा, तसंच जालना इथं कारखाने असलेल्या कंपन्या शोधा. त्यांचे सीएसआर अहवाल त्यांच्या वेबसाइटवर असतात. गेल्या दोन वर्षांत शिक्षणावर कुणी खर्च केला, कुठल्या तालुक्यात केला, ते वाचा. मग फोन करा. बावीस पानं न पाठवता एक पानाचं टिपण पाठवू का, मराठीत चालेल का, एवढंच विचारा. ज्या दोघांनी नकार दिला त्यांनाही फोन करा आणि काय कमी पडलं ते विचारा. मी केलेल्या अशा फोनांना बहुतेक वेळा उत्तर मिळालं आहे, आणि एकदा तर त्याच ऑफिसातून पुढच्या वर्षी पैसे आले.

वेळेचंही चुकलं. शेवटचा प्रस्ताव तुम्ही ऑक्टोबरात पाठवलात, नोव्हेंबरात सुरू होणाऱ्या कामासाठी. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. नव्या वर्षाचं नियोजन साधारण वर्षाच्या सुरुवातीलाच होतं. मग समितीची बैठक, करार, पहिला हप्ता, यात सहज चार-पाच महिने जातात. आत्ता फेब्रुवारी आहे. या महिन्यात सीएसआर-१ आणि दोन-तीन फोन. मार्चमध्ये मागं राहिलेल्या लेकरांची मोजणी, मावशींजवळ बसून जेवणाचा हिशेब. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की माणसं घरी येतील. तेव्हा प्रत्येक घरात बसा. पुढच्या दिवाळीला लेकरू मागं ठेवाल का, काय असलं तर ठेवाल, हे आईला विचारा आणि तिचे शब्द तसेच लिहून घ्या. ते एक पान तयार झालं की आधी मला पाठवा. मी वाचून उलट टपाली कळवते.